मेंदूचा ब्लॉक काढत का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. गोव्यात डिचोली-साखळीकडे घरोघरी जाऊन लकवा झालेल्यांचा व्यायाम करून घेते. खांद्याला हात लावते न लावते तोच घरचे विचारतात, "बाय, हृदयातला ब्लॉक बलून घालून काढतात, मग ह्यांच्या डोक्यातला का नाही काढला?"

काढतात. मात्र आधी सीटी स्कॅन होतो, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर उपचार नेमके उलटे. म्हणूनच घरी रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन द्यायची नाही. पाणीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून नळी सरकवून गुठळी ओढून काढतात, साधारण ६ तासांत. स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला तर काहींना २४ तासांपर्यंत. घड्याळ मात्र माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून धरतात. रात्री पेज जेवून झोपले नि सकाळी तोंड वाकडं, तर ती रात्रही हिशेबात. त्यात कुणी आधी पारव्याचं रक्त चोळायला सुचवतं! १०८ ला फोन करा, बांबोळीचं सरकारी इस्पितळ लांब वाटलं तरी.

मानेतल्या धमनीचं गणित निराळं. तिथे वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. लकव्याचा झटका येऊन गेलाय आणि मेंदूच्या ज्या बाजूला तो आला त्याच बाजूची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, तर शस्त्रक्रियेने थर खरवडतात किंवा स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, घालतात. शक्यतो २ आठवड्यांत. ५० टक्क्यांच्या आत असेल तर गोळ्याच. आणि पूर्ण बंद असेल तर सहसा हातच लावत नाहीत. हे कुणाला पटत नाही! पण मेंदूने तोवर दुसऱ्या वाटांनी रक्त घ्यायला सुरुवात केलेली असते, आणि उघडायला जावं तर तुकडा सुटून वर जायची भीती.

या शस्त्रक्रियेने गेलेला हात परत येत नाही. ती पुढचा झटका टाळण्यासाठी. हाताचं माझ्याकडे बघा, तेही सावकाश.

परवा एका सोप्यावर गोळ्यांचा डबा उघडला, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीची पट्टी तशीच भरलेली. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली म्हणे. अहो, गोळी चालू होती म्हणूनच तो नॉर्मल आला! ती नुसती आकडा उतरवत नाही, साचलेला थर फुटू नये म्हणूनही असते. त्या दिवशी व्यायाम राहिला बाजूला, आधी डॉक्टरांना फोन लावायला लावला.