सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

गडचिरोली जिल्ह्यातलं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, महिना मार्चचा. परिचारिकांच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार किती पक्का आहे, हे मोजणाऱ्या प्रश्नावलीची चाचणी होती. हिन्शॉ आणि ॲटवूड या नर्सिंग-संशोधकांची बारा विधानांची, सात पायऱ्यांची (१ म्हणजे अजिबात पटत नाही, ७ म्हणजे पूर्ण पटतं) मोजपट्टी आम्ही मराठीत आणली होती.

दुपारी दोनला सकाळपाळी सुटते आणि दुपारपाळी चढते, म्हणून वेळ तीच धरली. रात्रपाळीच्या सिस्टरसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा जायचं होतं. तो हेलपाटा टाळला, तर ज्या सर्वांत थकलेल्या त्याच मोजणीतून गळतात.

अकरा फॉर्म हाती आले. चौघींनी वरपासून खालपर्यंत ‘६’लाच खूण केली होती. या पट्टीत काही विधानं उलटी असतात: ‘मी इथे बराच काळ राहणार’ याला ६ दिले, तर गुण ८ वजा ६, म्हणजे २ धरायचे. राहणार यालाही ६ आणि लवकरच सोडणार यालाही ६, असा फॉर्म बेरजेत घेऊ नये. दोष आमच्या भाषांतराचाही होता. ‘मला इथे राहायचं नाही असं नाही’ असलं वाक्य ड्युटी संपल्यावर कोण उलगडत बसेल? ते तिथेच खोडलं.

खरा घोळ मात्र पुढेच होता. सर्वांत जास्त गुण एका कायम नोकरीतल्या ज्येष्ठ सिस्टरचे. फॉर्म देतानाच त्या म्हणाल्या, “नोकरी कायले सोडू मॅडम? मले बदली पाहिजे. घर वर्ध्याले हाय.” सरकारी बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात. मार्चमध्ये ‘इथून जायचंय का’ विचारलं, तर उत्तरात बदलीच येणार. पावसाळ्यात विचारलं तरी ते उत्तर वेगळं वाचावं लागतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तिथल्या सिस्टरच्या मनात तेव्हा घरचा रस्ता असतो.

म्हणून एका प्रश्नाचे तीन केले: हे ठिकाण सोडायचंय, ही नोकरी सोडायचीय, की नर्सिंगच सोडायचंय? प्रत्येकापुढे ‘येत्या बारा महिन्यांत’ अशी मुदत. या तिन्हींची बेरीज करायची नाही. पहिल्यावर उपाय बदली आणि क्वार्टर, दुसऱ्यावर पगार आणि कायम ऑर्डर. तिसऱ्याची कारणं त्या बाईजवळ बसूनच कळतात.

कंत्राटी सिस्टरची गोष्ट निराळी. त्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची. ‘सोडणार का’ हा प्रश्नच त्यांना लागू होत नाही. त्यांना विचारावं, ‘ऑर्डर वाढवून मिळाली तर राहाल का?’ भरतीचा फॉर्म भरला की जाण्याची तयारी झाली, असं आम्ही धरलं होतं. तेही चुकलं. दोघींनी फॉर्म भरला होता तो इथेच कायम व्हायला मिळावं म्हणून.

सर्वांत जास्त जपावी लागते ती ओळख. अकरा जणींत वय, जात आणि सेवेची वर्षं लिहून घेतली की कोणता फॉर्म कोणाचा हे इन्चार्जही सांगेल. वयाचे दोनच गट ठेवले, जात काढली. फॉर्म वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर जमा होत असतील, तर उत्तरं आधीच गोड होतात. बंद पाकीट आणि कुलपाची पेटीच हवी.

तरीही वर्षभराने कोण खरंच गेलं हे जुळवावं लागतं, नाहीतर मोजलेला इरादा खरा ठरला की नाही हे कळत नाही. त्यासाठी नावाऐवजी खूण: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्माची तारीख, महिना-वर्ष नाही. ती खूण सिस्टरनेच लिहायची. अकरांत दोघींची खूण तंतोतंत सारखी निघाली, म्हणून रात्रपाळीच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचं अक्षरही जोडून घेतलं.