फूल कोसळला

दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत बसले होते. भिंतीवरचा टीव्ही मुका करून ठेवलेला, त्यामुळे खालच्या पट्टीशिवाय करमणुकीला काही नव्हतं. पट्टीवर आलं, ‘जुना फूल कोसळला, वाहतूक ठप्प’. मी परत वाचलं. वाहिनी नावाजलेली, निवेदिकेचा चेहरा गंभीर, मागे पोलिसांची गाडी, आणि कोसळला तो फूल. शेजारी गाल धरून बसलेल्या गृहस्थांनीही तेव्हाच वर पाहिलं असावं, कारण तोंड उघडायची सोय नसल्याने त्यांचे नुसते खांदे हलायला लागले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. अशा वेळी बघायचं नसतं, मग आवरत नाही.

त्यातही माझं डोकं अडकलं ते ‘कोसळला’वर. फूल असतं तर ते कोसळलं असतं. म्हणजे टंकणाऱ्याचं व्याकरण शाबूत होतं, फक्त बोट घसरलं होतं. इनस्क्रिप्ट या संगणकाच्या मराठी कळफलकावर प आणि फ एकाच कळीवर असतात, शिफ्ट दाबलं की पचा फ. क-ख, ग-घ, त-थ, द-ध, ब-भ ही जोडपीही अशीच एकेका कळीत नांदतात. शिफ्ट निसटलं की थंडी ‘तंडी’ होते, खून ‘कून’ होतो आणि घोषणा ‘गोषणा’. ‘गोषणा’ मी खरोखर वाचलेली आहे. मंत्र्यांची होती, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचं तसं नाही. वरच्या ओळीत दीर्घ आणि बरोबर त्याच्या खाली ऱ्हस्व, अशी त्यांची माडी आहे. तिथेही बोट घसरलं म्हणायची सोय असते, पण बहुतेक वेळा बोटाचा काही दोष नसतो. ‘शिक्षक दीन उत्साहात साजरा’ हे वाचल्यावर यात चूक आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

माझी स्वतःची माफीची एक उतरंड आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी सोडून देते, कारण बोलताना आपण तरी ते कुठे नीट पाळतो? ‘आर्शिवाद’ही चालवून घेते, तिथला रफार बिचारा एक घर आधीच उतरतो. ‘ध्द’ मात्र नाही म्हणजे नाही. ‘युध्द’, ‘बुध्द’, ‘श्रध्दांजली’. असं का होतं तेही कळतं. धला काना आहे, तो काढला की अर्धा ध हाताशी येतो. दला कानाच नाही, त्यामुळे त्याला अर्धा करणं सगळ्यांच्या जिवावर येतं. कारण कळलं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे. आणि सगळ्यात वरच्या मडक्यात ‘तज्ञ’. चर्चेला बोलावलेल्या माणसाच्या नावाखाली ‘भाषातज्ञ’ अशी पाटी असते, एक ज कमी. तो माणूस तळमळीने मराठीच्या ऱ्हासाबद्दल बोलत असतो आणि त्याला ती पाटी दिसत नसते, कारण ती त्याच्याच छातीवर असते.

आमच्या लहानपणी टीव्ही म्हणजे मुंबई दूरदर्शन. ते सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या आधीच्या चौदा शुद्धलेखन नियमांत चारची भर पडून ते अठरा झाले. माध्यम नवं, नियम ताजे. आमचे आजोबा मात्र ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आम्हीं’ असं लिहिणारे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, ते त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. पडद्यावर ‘काही वेळातच’ अशी पाटी आली की ते स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडायचे, ‘अगं, टिंबं गिळली यांनी!’ आजी आतून म्हणायची, ‘गिळू देत.’ आता ते ‘गिळू’ होतं की ‘गिळूं’, हे मात्र आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

आमची आवडती पाटी म्हणजे ‘व्यत्यय’. प्रक्षेपणात काही बिघडलं की ती यायची आणि सारखं काही ना काही बिघडायचं. शाळेत बाईंनी एकदा शुद्धलेखनात हाच शब्द घातला, वर्गाला आडवं पाडायच्या इराद्याने. अख्ख्या वर्गाचा बरोबर आला. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांचाही, कारण ते आमच्याकडे येऊन बघायचे. बाईंना वाटलं आम्ही कॉपी केली.

रेडिओचं त्याहून बरं होतं. पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. त्या आवाजात एखादी वेलांटी चुकीची असणं शक्यच नव्हतं. समोरच्या कागदावर काय लिहिलेलं असायचं देव जाणे. घाईघाईत खरडलेला, खाडाखोड केलेला कागद. त्यात कुठे ‘उज्वल’ असेल, कुठे ‘महत्व’ असेल. जीभ ते सगळं सरळ करून आमच्यापर्यंत पोचवत होती. कागद आम्हाला दिसला नाही, म्हणून तो शुद्ध.

आणि कधी कधी कागदावर सगळं बरोबर असून जीभच घात करते. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग भारतात आले होते, तेव्हा दूरदर्शनच्या इंग्रजी बातम्यांत त्यांचं नाव ‘इलेव्हन जिनपिंग’ असं वाचलं गेलं. रोमन लिपीतला शी आणि रोमन अकरा दिसायला हुबेहूब. निवेदिकेला घरी बसावं लागलं. मला ते जरा जास्तच वाटलं. शाळेत रोमन आकडे घोटून घेतलेल्या माणसाची ती प्रामाणिक चूक होती. मे २०११ मध्ये बिन लादेन मारला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या एका वाहिनीने पट्टीवर ओसामाऐवजी थेट ओबामालाच मारून टाकलं होतं, एका अक्षरात.

बीबीसीला तर आपण उगाचच वचकून असतो. मे २०२२ मध्ये त्यांच्या पट्टीवरून ‘मँचेस्टर युनायटेड भंगार आहे’ अशा अर्थाचं वाक्य शांतपणे सरकत गेलं. कुणी नवशिका पट्टी चालवायला शिकत होता आणि मनाला येईल ते टंकत होता. नंतर निवेदिकेने माफी मागितली. स्पेलिंग मात्र अचूक होतं.

माझी भाची काही वर्षं एका वाहिनीत रात्रपाळी करायची. त्यांच्याकडे या पट्ट्यांना ॲस्टन म्हणतात. दवाखान्यातून मी तिला फुलाचा फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन.

‘अगं मावशी, कंट्रोल रूममधून प्रोड्यूसर बोंबलत असतो, समोरच्यांनी चालवली, आपली कुठाय? तिथे तू प आहे की फ बघत बसशील?’

‘बसेन.’

‘म्हणूनच तुला कुणी ठेवलं नसतं.’

तिचं म्हणणं, चूक टंकणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याला पूल म्हणायचं असतं, त्यामुळे त्याला पूलच दिसतो. पूर्वी वर्तमानपत्रांत यासाठी मुद्रितशोधक बसायचे, दुसऱ्याचं लिहिलेलं संशयाने वाचायचा पगार घेणारी माणसं. पट्टीला मुद्रितशोधक नसतो, प्रेक्षक असतात. ते फुकट काम करतात आणि वर फोटो काढून मित्रमंडळींत फिरवतात. भाची म्हणते, त्यांच्या न्यूजरूममध्ये पहिली चूक कळायची ती अशीच, कुणाच्या तरी आत्याकडून.

घरी मी पट्टी मोठ्याने वाचते, जशी लिहिली असेल तशी. ‘मुख्यमंत्र्यांना दक्का’, ‘राज्यात तंडीची लाट’, दीर्घ असेल तिथे सूर ओढून. नवरा उठून गॅलरीत जातो. मुलगी म्हणते, आई, तुला बातमीशी काही देणंघेणं नाहीये. ते खरं नाही. बातमीवर माझा पूर्ण विश्वास असतो. ‘मृतांची संख्या’ लिहिताना ‘मृ’चा ‘म्रु’ केला असेल तर मी तो पकडते. पुढचा आकडा मात्र जसा येईल तसा घेते. तो कुठून आला, कुणी मोजला, असं कधी मनातसुद्धा आलेलं नाही.

एकदाच मी पट्टी मोठ्याने वाचली नाही. आमच्या इमारतीतले एक काका रात्रीच्या बसने निघाले होते. पहाटे बस दरीत गेल्याची बातमी आली, थोड्या वेळाने नावं यायला लागली. काकूंकडे आम्ही चार-पाच जण जमलो होतो. त्यांच्या आडनावात दुसरा उकार, पट्टीवर पहिला. नावातलंही एक अक्षर चुकलेलं. काकू खुर्चीच्या टोकाला बसून सगळ्यांना सांगत होत्या, आम्ही असं लिहीत नाही, आमच्यात दीर्घ आहे, रेशन कार्डावर बघा हवं तर. मग माझ्याकडे वळल्या.

‘तुला कळतं ना गं यातलं? हे वेगळं आडनाव झालं ना?’

मी हो म्हणाले. पट्टी फिरून फिरून येत होती आणि दर वेळी उकार पहिलाच होता. त्या प्रत्येक खेपेला मान हलवायच्या, बघ, परत तेच.

साडेनऊला त्यांच्या दिरांचा फोन आला. पट्टीवरचं आडनाव संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत दुरुस्त झालं होतं.