आमची वाटचाल: संगणकावरच्या वेळेची नोंद आम्ही कशी ठेवू लागलो

आमची फर्म इतर उद्योगांचे हिशेब लिहिते आणि त्यांची पगारपत्रकं बनवून देते. सुरुवातीला आम्ही मोजकीच माणसं एका खोलीत बसायचो. कोण कशात अडकलंय हे मान वर केली की कळायचं. पुढे ग्राहक वाढले, माणसं वाढली, काहीजण घरून काम करू लागले आणि ते कळणं थांबलं. महिनाअखेरीला पगारपत्रकं उशिरा निघायला लागली. ज्याला विचारावं तो खरोखरच दमलेला असायचा, कुणी वेळ काढत होतं असं अजिबात नाही. तरी दिवस नेमका जातो कुठे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. या प्रश्नातून संगणकाच्या वापराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचा विचार पुढे आला.

विक्रेत्यांनी दाखवलेल्या सोयी बघून मी आधी थबकले. दर काही मिनिटांनी प्रत्येकाच्या स्क्रीनचं छायाचित्र, दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद, कॅमेरा चालू ठेवण्याची सोय, आणि शेवटी प्रत्येक माणसाला शंभरपैकी गुण. माझा प्रश्न होता की बँकेचा ताळमेळ, म्हणजे बँकेच्या उताऱ्यातल्या नोंदी हिशेबाशी जुळवणं, याला इतका वेळ का लागतो. त्याचं उत्तर यातल्या एकाही सोयीत नव्हतं.

या सॉफ्टवेअरची मूळ रचना तशी साधी असते. संगणकावर एक छोटा प्रोग्राम मागे चालू राहतो. समोर कोणती विंडो उघडी आहे, ती कधी उघडली, कधी बदलली, एवढं तो टिपतो. माउस आणि कीबोर्ड काही मिनिटं हलले नाहीत की 'निष्क्रिय' असं लिहितो. बाकीचं सगळं या नोंदींवर चढवलेलं असतं. आम्ही अ‍ॅक्टिव्हिटीवॉच या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली, कारण त्याच्या नोंदी ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहतात, कुठल्या बाहेरच्या सर्व्हरवर जात नाहीत. आधी ते माझ्या संगणकावर चालवलं, मग सगळ्यांना एकत्र बसवून माझ्याच दिवसाच्या नोंदी भिंतीवर दाखवल्या.

ती बैठक फार कामाची ठरली. पगारपत्रकांचं काम बघणाऱ्या ताईंनी स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे तुमच्या मेलचे विषय दिसतायत ना? मग आमचेही दिसणार." त्यांचं बरोबर होतं. विंडोच्या शीर्षकपट्टीत बरंच काही असतं: मेलचा विषय, फाइलचं नाव, उघडलेल्या पानाचं नाव. कुणी दुपारी आईच्या तपासणीचा रिपोर्ट उघडला तर दवाखान्याचं नाव नोंदीत येणार. हे मालकाला कळायचं काहीच कारण नाही. म्हणून आम्ही ठरवलं की आमच्या एकत्रित अहवालात शीर्षकं येणारच नाहीत. प्रोग्रामचं नाव आणि वेळ, एवढंच. छायाचित्रं नाहीत, कळींची नोंद नाही, कॅमेरा नाही. कामाची वेळ संपली की नोंद बंद. आणि स्वतःची नोंद आधी ज्याची त्याने बघायची. मग त्यातली बेरीज कामाच्या प्रकारानुसार माझ्याकडे यायची, नावाशिवाय.

नावाशिवाय का, असं मला एका व्यावसायिक मित्राने विचारलं. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आपल्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' आणला, तेव्हा त्यात एकेका कर्मचाऱ्याचा वापर नावानिशी बघता येत होता. जोरदार टीका झाली आणि काही दिवसांतच कंपनीने ती नावं काढून टाकली. एवढ्या मोठ्या कंपनीला जी गोष्ट मागे घ्यावी लागली ती आठ-दहा माणसांच्या ऑफिसात कशी चालेल? आमच्याकडे तर बरेचजण रोज समोरासमोर बसतात.

पहिल्या काही आठवड्यांत सगळेच आकडे सुधारलेले दिसले. त्यावर मी फारसा विश्वास ठेवला नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापन शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतात. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय हे कळलं की माणसं काही काळ वेगळी वागतात, असा त्यातून काढलेला निष्कर्ष 'हॉथॉर्न परिणाम' म्हणून रूढ झाला. पुढच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर बरेच आक्षेपही घेतले आहेत, पण सुरुवातीच्या सुधारणेवर निर्णय घेऊ नयेत, एवढा धडा मी त्यातून घेतला. आकडे पुन्हा नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत आम्ही काहीही बदललं नाही.

मग खरी माहिती हाती यायला लागली. बँकेच्या ताळमेळाच्या कामात एक विचित्र गोष्ट दिसली. दोनच विंडो, आणि त्यांच्यात अखंड ये-जा. काही सेकंद बँकेच्या उताऱ्याची पीडीएफ, काही सेकंद हिशेबाचं सॉफ्टवेअर, पुन्हा पीडीएफ. दुपारभर तेच. मी त्या सहकाऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. तो उताऱ्यातली तारीख वाचायचा, टाइप करायचा, मागे जाऊन रक्कम वाचायचा, टाइप करायचा, मग ओळ चुकू नये म्हणून स्क्रीनवर बोट ठेवायचा. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतारा थेट आत घेण्याची सोय होती. फक्त त्यासाठी ग्राहकाकडून पीडीएफऐवजी सीएसव्ही फाइल (आकडे रकान्यांत मांडलेली, सॉफ्टवेअरला थेट वाचता येणारी साधी फाइल) मागवावी लागते, आणि ती मागायचं काम कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं. आम्ही प्रत्येक ग्राहकाला एक पत्र पाठवलं. बहुतेकांनी लगेच सीएसव्ही द्यायला सुरुवात केली. महिनाअखेरीचा सगळ्यात मोठा अडसर तिथे मोकळा झाला. त्या सहकाऱ्याचा वेग वाढवायची गरजच नव्हती, तो आधीपासूनच वेगाने काम करत होता.

दुसरं दिसलं ते निरोपांबद्दल. सकाळच्या वेळेत कुणाचंही काम सलग राहत नव्हतं, चॅटची विंडो सारखी मधे यायची. निरोप पाठवणारे बहुतेक आम्हीच होतो, विशेषतः वरिष्ठ मंडळी. आता सकाळचा पहिला भाग निरोपांशिवाय जातो. तातडीचं असेल तर फोन करायचा. गुंतागुंतीची पगारपत्रकं त्याच वेळेत होतात आणि चुका कमी झाल्याचं तपासणीत जाणवतं.

तपासणीवरून आठवलं. आमच्याकडे अंतिम तपासणी करणारे काका आहेत, सगळ्यात अनुभवी. एकत्रित अहवालात 'तपासणी' या कामापुढे निष्क्रिय वेळ भरपूर दिसायची. ते काम करतात कसं, तर तेरीज पत्रकाची (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीची) छापील प्रत समोर, पट्टी एका ओळीखाली, हातात पेन्सिल, आणि जुळलेल्या आकड्यापुढे बारीक टिंब. माउस तासभर जागचा हलत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी ते जागेवर नाहीत, आणि ग्राहकाकडे जाणारी चूक पकडली जाते ती नेमकी त्याच तासात. फ्रान्सच्या विदा (डेटा) संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये एका स्थावर मालमत्ता कंपनीला ४०,००० युरोंचा दंड केला, त्यामागच्या कारणांत हेही होतं: कीबोर्ड-माउस ३ ते १५ मिनिटं हलला नाही की ती कंपनी निष्क्रियता मोजत होती, शिवाय स्क्रीनची छायाचित्रंही घेत होती. बैठक, फोन हेही कामच असतं, ते या मोजणीत येत नाही, असं प्राधिकरणाने स्पष्ट केलं. आम्ही 'निष्क्रिय' हा रकाना अहवालातून कायमचा काढून टाकला.

तो ठेवला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज करता येतो. माउस आपोआप हलवणारी छोटी उपकरणं सहज विकत मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या आरोपावरून डझनापेक्षा जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. हालचालीला बक्षीस ठेवलं की हालचालच मिळणार. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेलं तत्त्व हेच सांगतं: जे माप नियंत्रणासाठी वापरायला घ्यावं ते बिघडतं. म्हणून आमच्याकडे या नोंदींचा पगारवाढीशी, बोनसशी, रजेशी काडीचाही संबंध नाही, आणि हे नियुक्तिपत्रात लिहिलेलं आहे.

लेखी पूर्वसूचनेबद्दल मी आग्रही आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया या खटल्यात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. त्याचे खासगी निरोप मालकाने वाचले होते, आणि देखरेख किती व कशा स्वरूपाची असेल हे त्याला आधी सांगितलं गेलं होतं असं दिसत नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून अशी लेखी सूचना देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कायदा कुठे काय म्हणतो हे वेगळं असेल, पण नुसती सही घेऊन भागत नाही. पगार देणाऱ्याने कागद पुढे केला तर नाही म्हणणं सोपं नसतं. त्यामुळे सही असली तरी जे टिपायची गरज नाही ते टिपायचंच नाही.

एक नोंद मात्र आम्ही नावानिशी ठेवतो: ग्राहकाच्या पगाराची फाइल कुणी, कधी उघडली. त्यात शेकडो लोकांचे पगार आणि बँक खाती असतात, तिथे तडजोड करता येत नाही. ही सुरक्षेची नोंद आहे आणि ती वेळेच्या नोंदीपासून पूर्ण वेगळी ठेवली आहे. दोन्ही एकाच अहवालात टाकायचा मोह होतो, कारण सॉफ्टवेअरला ते एका क्लिकचं काम असतं.

मध्यंतरी तासावर पैसे देणाऱ्या एका ग्राहकाने आमच्या लोकांच्या स्क्रीनची छायाचित्रं मागितली. मी नकार दिला. त्या छायाचित्रांत इतर ग्राहकांची माहिती गेली असती, हे एक कारण, आणि माझ्या माणसांना मी दिलेला शब्द, हे दुसरं. त्याऐवजी त्यांना कामागणिक तासांचा तक्ता दिला: ताळमेळ, पगारपत्रक, तपासणी, दुरुस्त्या. तक्त्यात दुरुस्त्यांचे तास डोळ्यांत भरण्याइतके होते, आणि त्यातले बरेचसे त्यांच्याकडून हजेरी उशिरा आणि अर्धवट येत असल्यामुळे लागत होते. त्यांनी हजेरीचा दिवस आधी आणला. पुढच्या कराराच्या वेळी तासांऐवजी ठरावीक मासिक रक्कम द्यायला ते तयार झाले, आणि त्यांच्या कामासाठी तासांची नोंद ठेवणं आम्ही बंद केलं.