पेनिशचा आठवडा ठरला: पोर्तुगालच्या सर्फिंग सहलीची तयारी

मागच्या नोंदीत देश ठरला होता. या वेळी गाव आणि आठवडाही ठरला. तो कोणत्या हिशोबाने ठरला हे सविस्तर लिहितो, कारण चोपड्यासारख्या समुद्रापासून अडीचशे-तीनशे किलोमीटर आत असलेल्या गावातून सर्फिंगला निघणाऱ्या माणसाला चुकलेला आठवडा पुढच्या रविवारी भरून काढता येत नाही. किनाऱ्यावर राहणारा लाट नसेल तर घरी परततो. आपण मात्र रजा, व्हिसा आणि विमान यांची मोट बांधून गेलेलो असतो. म्हणून माझा नियम असा की आधी पाणी पाहावे आणि तिकिटाचा दर नंतर.

पोर्तुगाल म्हटले की बहुतेकांना नाझारे आठवते. तिथे समुद्राच्या तळाशी असलेली खोल दरी लाटांची ऊर्जा किनाऱ्याजवळ एका ठिकाणी आणून सोडते, आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सेबास्टियन श्टॉइड्टनर याने तिथेच 26.21 मीटर उंचीच्या लाटेवर विक्रम केला. ती जागा पाहण्यासाठी आहे, माझ्या पातळीच्या माणसाने पाण्यात उतरण्यासाठी नव्हे. एरिसेराला 2011 पासून जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा मान आहे; परंतु तिथल्या नावाजलेल्या बऱ्याच लाटा खडकाळ तळावर फुटतात, आणि कर्नाटक किनाऱ्यावरच्या मुल्कीच्या वाळूवर शिकलेल्या माझ्यासारख्याला पडायला वाळूच हवी. यातून उरले पेनिश.

पेनिशचे बलस्थान त्याच्या भूगोलात आहे. गाव समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पावर वसलेले असून त्याच्या दोन बाजूंचे किनारे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. वारा उत्तरेचा असला की दक्षिण बाजूच्या सुपरतुबोसवर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची भिंत उभी धरून ठेवतो. दक्षिणेचा असला की तेच काम उत्तर बाजूच्या बालेआल किनाऱ्यावर होते. सुपरतुबोसची नळीसारखी वळणारी वेगवान लाट जागतिक स्पर्धेतल्या खेळाडूंसाठी आहे, त्यामुळे तिथे मी वाळूवर बसून पाहणार आहे. बालेआलच्या उपसागराचा आडोशाचा कोपरा मात्र शिकणाऱ्यांसाठी उत्तम मानला जातो, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच जाईल.

महिन्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. जुलै-ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर ‘नोर्ताडा’ नावाचा उत्तरेचा वारा दुपारनंतर जोर धरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्कटून टाकतो. हाच वारा वरचे ऊन खाल्लेले पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचे गार पाणी वर येते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे पाणी अठरा अंशांच्या आसपासच राहते. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत मे महिना काढणाऱ्या आपल्या अंगाला हे मानवण्यासारखे नाही. छातीवर चार आणि हातापायांवर तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट लागेलच. ऑक्टोबरच्या मध्यापासून उत्तर अटलांटिकमधली वादळे मोठ्या लाटा पाठवू लागतात, त्या मला झेपणार नाहीत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वारा ओसरू लागतो, सुट्टीची गर्दी कमी होते आणि लाटांना थोडा जीव आलेला असतो. शिवाय कपाशीची वेचणी अजून ऐन भरात आलेली नसते आणि आमच्या ठिबकच्या दुकानातही गडबड कमी असते, ही बाब घरात सर्वांत उपयोगी पडली. नानांनी तेवढे विचारून घेतले, “अठे तापीमा पानी नही शे का?”

दुकानात जेवणाच्या सुट्टीत, आपल्याकडे साडेबारा वाजतात तेव्हा, उन्हाळी वेळेनुसार पोर्तुगालमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. त्या वेळी मी बालेआलचा थेट कॅमेरा उघडतो आणि आदल्या दिवशीचा अंदाज व पडद्यावरचे पाणी यांची वहीत तुलना करतो. या सवयीने सर्वांत मोठा धडा मिळाला तो लाटांमधील वेळेच्या अंतराचा. अंदाजात उंची 1.2 मीटर हीच असली, तरी आठ सेकंदांनी येणारी लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली, तुटक आणि दुबळी असते, तर चौदा सेकंदांनी येणारी दूरच्या वादळातून निघालेली, सलग आणि ताकदवान असते. खोल समुद्रात चौदा सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने सरकतो, म्हणजे तीन हजार किलोमीटरवरच्या वादळाची लाट तीन दिवसांहून थोड्या अधिक काळाने किनाऱ्याला लागते. म्हणून माझ्या वहीत उंचीच्या आधी सेकंदांचा रकाना आहे.

आठवडा पक्का करताना कामास आले ते भिंतीवरचे पंचांग. पेनिशला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या आसपास जातो. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते, त्यामुळे पाणी इतक्या झपाट्याने चढ-उतार करू लागले की सकाळी चांगली फुटणारी जागा दोन तासांत निकामी होते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत, भांगाच्या भरतीच्या वेळी, हा फरक बराच कमी असतो आणि एकच जागा अधिक काळ चालते. म्हणून अष्टमी मुक्कामाच्या मध्यावर येईल असा आठवडा निवडला आहे. जाणकारांना भांगाची लाट थोडी निस्तेज वाटेल, पण शिकणाऱ्याला ती सोयीची आहे.

सरावाचे म्हणाल तर गच्चीवर खडूने आठ फुटी बोर्डाची आकृती आखली आहे. मधल्या रेषेवर पालथे झोपून, तळवे बरगड्यांशी टेकवून, एका झटक्यात उठून उभे राहताना दोन्ही पाय त्या रेषेवरच पडले पाहिजेत. मागचा पाय रेषेच्या बाहेर पडला की खडूचा डाग पावलाच्या कडेला लागतो, त्यामुळे वेगळा परीक्षक लागत नाही. दंडांच्या ताकदीसाठी पोहण्याचा तलाव आहे. खऱ्या पाण्यासाठी पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असल्याने जुलैमध्ये महाबलीपुरमला जाण्याचा बेत आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र त्या विम्यात सर्फिंगचा समावेश आहे की नाही हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे, कारण अनेक पॉलिसी साहसी खेळ वगळतात. बोर्ड इथून नेणार नाही. विमानाचा जादा आकार आणि मोडतोडीची धास्ती पाहता तिथे आठ फुटी मऊ बोर्ड भाड्याने घेणे शहाणपणाचे आहे.

मुक्कामाचा निर्णय अजून बाकी आहे. गाडी न घेता लिस्बनहून बसने उतरायचे असल्यामुळे पेनिश गावातली खोली सोयीची आहे, परंतु पहाटे बोर्ड काखेत घेऊन बालेआलपर्यंत चालणे लांब पडते. बालेआललाच राहिले तर किनारा पायाखाली येतो, पण बाजारहाट दूर जातो. सध्या माझा कल बालेआलकडे आहे, कारण स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर पहिल्याच दिवशी आठवड्याचा शिधा भरून टाकता येईल, आणि शेवेच्या भाजीचा मसाला मी घरूनच नेणार आहे.