त्सित्सेर्नाकाबेर्द: २४ एप्रिलला जाणार असाल तर

टूरवाल्याने दिलेल्या कागदावर २४ एप्रिलची ओळ होती: ‘सकाळी नरसंहार स्मारक, ४५ मिनिटे. नंतर गार्नी.’ हे स्मारक आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवर आहे आणि २४ एप्रिल हा आर्मेनियन नरसंहाराचा स्मृतिदिन. ती ओळ लिहिणारा माणूस त्या तारखेला त्या टेकडीवर कधी गेलेला नाही, एवढं खात्रीने सांगतो. सकाळी गाइडचा निरोप आला, आज गाडी वर सोडत नाहीत, स्मारक रद्द, सगळे थेट गार्नीच्या जुन्या मंदिराकडे. गट गेला, मी येरेवानमध्येच राहिलो. सेवान सरोवर आणि गेघार्दचा मठ आधीच झालं होतं, सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

हॉटेलबाहेरच्या टॅक्सीवाल्याने ‘दारात सोडतो’ म्हणत ५,००० द्राम घेतले आणि पायथ्याच्या बॅरिकेडपाशी उतरवलं. रस्ता बंद असणार हे त्याला ठाऊक होतं. अ‍ॅपवर तेवढ्या अंतराला १,५०० च्या आत भाडं दिसत होतं. अशा दिवशी भांडावंसं वाटलं नाही, पण तुम्ही रस्त्यावरची टॅक्सी धरू नका.

खरं तर टॅक्सीच नको. आदल्या रात्री मी चालत गेलो होतो, तेच बरोबर होतं. २३ एप्रिलला संध्याकाळी रिपब्लिक चौकातून मशाल मोर्चा निघतो. सुरुवातीला तुर्कस्तान आणि अझरबैजानचे झेंडे जाळतात. मला ते बघवलं नाही. तुम्हालाही नको असेल तर पुढे बाग्राम्यान रस्त्यावर सामील व्हा. तिथपर्यंत सगळं सोपं आहे. हरझदानच्या दरीवरचा पूल ओलांडला की चढ सुरू होतो आणि तिथे जीव जातो. अंधार, पुढच्या माणसाच्या मशालीचा धूर थेट तोंडावर, गर्दीमुळे आपल्या चालीने चालता येत नाही, थांबताही येत नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी रात्री जाऊच नये. नायलॉनचं जाकीट घालू नका, ठिणग्या पडतात. माझ्या बाहीला दोन भोकं पडली. थंडी मात्र असते, लोकरीचं काहीतरी हवंच.

१९१५ साली २४ एप्रिलच्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, ऑटोमन सरकारने आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, पुढारी घरांतून उचलले. दोनशेहून जास्त. संगीतकार कोमितास त्यांत होते. ते जिवंत परतले, पण मन कायमचं मोडलं, १९३५ मध्ये पॅरिसला वारले. कवी दानिएल वारुझान यांना त्याच ऑगस्टमध्ये मारलं. मग गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरकडे पायी हाकलली गेली. आर्मेनियन लोक मृतांचा आकडा १५ लाख सांगतात. तुर्कस्तान नरसंहार हा शब्द आजही मान्य करत नाही. सोव्हिएत काळात आर्मेनियातही यावर उघड बोलता येत नसे. १९६५ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, सुमारे लाखभर माणसं येरेवानच्या रस्त्यावर उतरली आणि १९६७ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. त्या चढावर पाय दुखायला लागले तेव्हा देर-एझ-झोरच्या वाटेवरची लेकुरवाळी माणसं डोळ्यांपुढून हलेनात.

वर आत झुकलेले बारा दगडी सुळके आहेत, मधोमध खाली अखंड ज्योत. तिथे उतरायच्या पायऱ्या उंच आहेत, पायांकडे बघतच उतरावं लागतं, मान आपोआप खाली जाते. फुलं आदल्या दिवशी शहरात घ्या. संख्या सम ठेवा: तिकडे दुःखाच्या प्रसंगी सम आणि आनंदाच्या वेळी विषम फुलं देतात. मी तीन ट्युलिप घेऊन उभा होतो. शेजारच्या आजींनी न बोलता आपल्यातलं एक काढून माझ्या हातात दिलं. दुपारपर्यंत ज्योतीभोवती फुलांची भिंत छातीला लागली होती.

जवळच शंभर मीटर लांब भिंत आहे, कत्तली झालेल्या गावांची नावं कोरलेली. तिच्या मागच्या बाजूला वेळ द्या, टूरवाले तिथे नेत नाहीत. आर्मेनियन लोकांसाठी आवाज उठवणाऱ्या परदेशी माणसांच्या थडग्यांवरची माती तिथे ठेवली आहे. त्यांत आर्मिन वेग्नर हा जर्मन सैनिकही आहे, ज्याने बंदी असताना निर्वासितांचे फोटो काढले.

ते फोटो बघायला संग्रहालयात दुसऱ्या दिवशी जा, त्याच दिवशी उरकू नका. ते जमिनीखाली आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. तीन तास लागतात. लहान मुलांना नेऊ नका. बाहेर आल्यावर हवा स्वच्छ असेल तर समोर अरारात पर्वत दिसतो. तो आता सीमेपलीकडे, तुर्कस्तानात आहे. त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका, जेवायचं आरक्षणही नको.