कातडीचा एक तुकडा आणि पाच फेऱ्या

हातापायांवरचे खाजरे बारीक फोड वर्षभर होते. केळीच्या बागेत राबणाऱ्याला किडे चावणारच, असे म्हणून गावात मला खरजेचे मलम मिळत राहिले. पुढे कमरेवर नागीण उठली, तेव्हा घरच्यांनी गेरूचा लेप लावला. अखेर एका डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी सुचवली. तपासणी, समुपदेशन आणि एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातील नोंदणी आठवड्याभरात झाली. सीडी४, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाखवणारा रक्तातील पेशींचा आकडा, ९६ निघाला.

अडले ते पुढेच. चेहऱ्यावर मध्यभागी खळगा असलेले दाणे आले होते. ते बहुधा साध्या विषाणूचे असतात, पण सीडी४ इतका कमी असताना मेंदूपर्यंत पोहोचणारी बुरशीही तशीच दिसू शकते, म्हणून कातडीचा तुकडा तपासावा, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. एस.टी.ने दीड तासावर असलेल्या एका मोठ्या रुग्णालयात मी भर मे महिन्यात पाच फेऱ्या घातल्या. पहिल्यांदा नंबर शेवटी लावला आणि वेळ संपली. दुसऱ्यांदा साहित्य नाही म्हणाले. तिसऱ्यांदा 'तुमचे वेगळे आहे, वेगळ्या दिवशी या' असे ऐकवले. चौथ्यांदा केसपेपरवर लाल शाईने लिहिलेला आजार एका कर्मचाऱ्याने रांगेतच मोठ्याने वाचला, आणि रांगेत माझ्या तालुक्याचे दोघे उभे होते. हातमोजे आणि निर्जंतुक साहित्य प्रत्येकच रुग्णासाठी वापरायचे असते, मग माझे वेगळे ते काय, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

एआरटी केंद्रातील समुपदेशक ताईंनी २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याची माहिती दिली: उपचार नाकारणे आणि संमतीशिवाय आजार उघड करणे, दोन्हींना त्यात मनाई आहे. पाचव्या फेरीत मी एवढेच म्हणालो, 'नाही म्हणता, ते लिहून द्या.' अर्ध्या तासात तुकडा काढला गेला. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचे होते.

केसपेपरची झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढून ठेवा. माझ्याकडे ती नव्हती. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मिश्र मलम खाजेवर चोळू नका, त्याने बुरशी दबल्यासारखी वाटते आणि पसरते. एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्वचा आणखी बिघडू शकते, तरी स्वतःहून त्या थांबवू नका. मात्र पुरळासोबत ताप आला, तोंड सोलले किंवा कातडी निघू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन विनामूल्य लागतो, हे मला फार उशिरा कळले.

दाणे साध्या विषाणूचेच निघाले. अहवाल हातात आला तेव्हा मी स्थानकावरच बसून राहिलो. तिसऱ्या महिन्यात खाज थांबली, डाग आहेत. रुग्णालयाच्या तक्रार अधिकाऱ्यांकडे दिलेल्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे. उत्तर अजून आलेले नाही.