तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीतला सॉस वापरणं म्हणजे स्वयंपाक का?

“एवढं मन लावून स्वयंपाक करतेस, आणि सॉस मात्र बाटलीतला?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता तो येणार हे समोरच्याची नजर ओट्यावरच्या बाटलीवर थांबली की कळतं. कुणी खरंच जाणून घ्यायला विचारतं, कुणाच्या आवाजात थोडी निराशा असते. मैत्रिणी विचारतात, ऑफिसात डबा उघडला की विचारतात, घरी जेवायला आलेले तर हमखास विचारतात. तेव्हा एकदा नीट उत्तर देते.

हो, वापरते. आठवड्यातल्या कामाच्या दिवसांत दोन-तीन संध्याकाळी तरी वापरते, आणि त्या जेवणाला मी स्वयंपाकच म्हणते.

आधी वेळेचा हिशोब सांगते. मी पावणेसातला घरी येते. बाबांच्या रात्रीच्या गोळ्या जेवणानंतरच्या, त्यामुळे आठच्या पुढे त्यांचं जेवण ढकलता येत नाही. मुलीला नऊला झोपायचं असतं आणि त्याआधी तिला माझ्याशी बोलायचं असतं. म्हणजे हातात धड तासभर, आणि त्यात हातपाय धुणं, भाजी चिरणं, भांडी उरकणं सगळं आलं. ताज्या टोमॅटोचा सॉस पाणी आटून गोड, दाट व्हायला पाऊण तास मंद आचेवर ठेवावा लागतो. कांदा खरा बदामी करायचा तर अर्धा तास त्याच्यापाशी उभं राहायला हवं. तेव्हा अशा संध्याकाळी माझ्यापुढे ‘घरचा सॉस की बाटलीतला’ असा प्रश्न नसतोच. बाटली नसेल तर बाहेरून मागवायचं, नाहीतर मिळेल ते खाऊन झोपायचं. बाटली असली की घरात भाज्या शिजतात, आणि तिघं एका टेबलाशी बसतो.

(सॉस म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर केचप येतं. मी त्याबद्दल बोलत नाहीये. केचप वरून घ्यायचं. मी म्हणतेय ते शिजवण्यासाठीचे सॉस: पास्त्याचा टोमॅटो सॉस, करी सॉस, करी पेस्ट, पेस्तो म्हणजे बेझिलच्या पानांची इटालियन चटणी, सोया सॉस, तेरियाकी हा गोडसर जपानी सॉस, काळ्या सोयाबीनचा सॉस वगैरे.)

आता मला कायम पडत आलेलं कोडं. सोया सॉस वापरला तर कुणी काही म्हणत नाही. तो घरी करत नाहीत, हे सगळ्यांना मान्य असतं. पारंपरिक पद्धतीत सोयाबीन आणि गव्हावर कोजीची, म्हणजे ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीची वाढ करतात, मग ते सगळं मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवतात. त्या काळात प्रथिनं तुटतात आणि त्यातून ग्लुटामेट हे चवीला भरीवपणा देणारं द्रव्य मोकळं होतं. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून हेच ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. एक चमचा सोया सॉस घालताना मी दुसऱ्या कुणीतरी राखलेले कित्येक महिने पॅनमध्ये ओतत असते. टोमॅटोच्या बरणीतही असंच आहे, फक्त महिन्यांच्या जागी तास आहेत. पिकलेले टोमॅटो आधीच शिजवून, आटवून ठेवलेत. मग एक बाटली चालते आणि दुसरी म्हणजे आळस, हे कसं?

आणि ‘त्यात जीवच नसतो’ हेही सरसकट खरं नाही. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन कच्च्या टोमॅटोपेक्षा शिजवलेल्या, थोडं तेल असलेल्या टोमॅटोतून शरीराला जास्त सहज मिळतं. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, ते मात्र खरं. ते ताज्या गोष्टींतून आणायचं.

बाटलीला वेळ देता येतो, पण खमंगपणा देता येत नाही, हे मला उशिरा उमगलं. पहिली काही वर्षं मी मशरूम चिरायची, सॉसमध्ये टाकायची, झाकण ठेवायची. होणारा पदार्थ खाता यायचा, पण मशरूम रबरासारखे आणि सॉस पांचट. कारण साधं आहे. सॉस म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी आहे तोवर पॅनमधला पदार्थ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. भाजी किंवा मांस तपकिरी होऊन जो वास सुटतो, ती मायार अभिक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास वेग घेते. म्हणजे सॉस आधी ओतला की ते दार बंदच झालं.

आता मी काय करते ते सांगते. पॅन आधी कोरडा चांगला तापवते. चमचाभर तेल, त्यावर मशरूम एका थरात, एकमेकांना न चिकटता. मीठ नाही आणि ढवळणंही नाही. आधी चुरचुर आवाज येतो, मग मशरूमला पाणी सुटतं आणि तो आवाज मऊ होतो, उकळल्यासारखा. इथेच घाई होते, सॉस ओतावासा वाटतो. थांबते. पाणी आटलं की पुन्हा चुरचुर सुरू होते, या वेळी आधीपेक्षा बारीक आणि कोरडी. तेव्हा एक तुकडा उलटून बघते. खालची बाजू बदामी झाली असेल आणि कडा जरा आखडल्या असतील, तर उलटते, लसूण टाकते, अर्ध्या मिनिटात सॉस. सॉस पडला की पॅनच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर सुटून त्यात मिसळतो. लाकडी चमच्याने तो खरवडून घ्यायचा. अख्ख्या बाटलीत नसलेली चव त्या थरात असते. हे सगळं धरून बारा मिनिटं.

चिकन, टोफू, वांगं, फ्लॉवर, सगळ्यांना हाच नियम. टोफू आधी फडक्यात दाबून पाणी काढलेला हवा. डब्यातले शिजवलेले हरभरे असतील तर तेही निथळून, पुसून, तेलात तडतडू द्यायचे.

प्रत्येक सॉसची वेळ मात्र वेगळी. करी सॉस आणि करी पेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत फार होते. सॉस तयार असतो, तो गरम केला की झालं. पेस्ट घट्ट आणि कच्च्या वासाची असते, ती तेलात तेल सुटेपर्यंत परतायला हवी, कारण मसाल्यांचा बराचसा सुगंध तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यानंतर नारळाचं दूध किंवा पाणी. तेरियाकीसारख्या गोड सॉसमध्ये साखर असते, तो आधी घातला तर जळतो आणि कडू लागतो, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत. आणि पेस्तो आचेवर नकोच. गॅस बंद करून, गरम पास्त्यात, पास्त्याच्या उकळीचं थोडं पिष्टमय पाणी घालून कालवायचा. उकळला तर तुळशीच्या कुळातली ती नाजूक पानं काळपट पडतात आणि वास उडून जातो.

मिठाबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण बाबांच्या रक्तदाबाने मला लेबल वाचायला शिकवलं. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तेव्हा मी वरून घालायचं मीठ बंद केलं आणि निश्चिंत झाले. सोया सॉस मात्र हात सैल सोडून घालत होते. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, “जेवणात काय काय घालता, सगळं सांगा,” तेव्हा त्या बाटलीची आठवण झाली. घरी येऊन लेबल वाचलं. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, एक लहान चमचाही नाही. एका चमच्यातच दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा गेला होता, आणि मी तर मोजतच नव्हते. त्या रात्री फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी हिशोब करते. लेबलवर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणायचं, तेवढं मीठ. समजा १०० ग्रॅम सॉसमध्ये ४५० मिलिग्रॅम सोडियम आहे, आणि ४०० ग्रॅमची बरणी चौघांत वाटली, तर प्रत्येकाच्या ताटात सव्वा ग्रॅमच्या आत मीठ आलं. हे जमण्यासारखं आहे, पण मग भाजीत, पास्त्याच्या पाण्यात वेगळं मीठ कशाला? मी घालत नाही. बरेचदा अर्धीच बरणी वापरते आणि उरलेली जागा परतलेल्या कांद्याने, किसलेल्या गाजराने किंवा डब्यातल्या साध्या, बिनमिठाच्या टोमॅटोने भरते. ‘प्रति सर्व्हिंग’ हा आकडा वाचताना ती सर्व्हिंग केवढी धरलीय ते आधी बघा. कधीकधी ती इतकी छोटी असते की कुणीच तेवढ्यावर थांबत नाही. १०० ग्रॅमचा आकडा बघितला की दोन बाटल्यांची खरी तुलना होते. आणि ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या काही उत्पादनांत मिठाच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

लेबलवरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. टोमॅटो सॉसच्या यादीत टोमॅटो पहिला हवा. पाणी, साखर आणि स्टार्च हे तीनच आधी दिसले तर मी बरणी परत ठेवते. नुसतं लांबलचक नाव दिसलं म्हणून मात्र घाबरत नाही. सायट्रिक आम्ल असतं ते आंबटपणा वाढवायला, कारण पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याखाली राहिला की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला त्यात वाढता येत नाही. झँथन गमने सॉस फुटत नाही, दाट राहतो, बस.

बाटलीत नसतं ते ताजेपण. टिकावं म्हणून तिला उष्णता दिलेली असते, त्यात वरचे हलके वास निघून जातात. म्हणून गॅस बंद केल्यावर मी काहीतरी कच्चं घालतेच: लिंबाचा रस, किसलेली लिंबाची साल, हातानेच तोडलेली पानं, बारीक चिरलेली कांद्याची पात, थोडे भाजलेले तीळ. मीठ कमी पडलंय असं वाटलं तरी आधी लिंबू पिळते. दहापैकी नऊ वेळा आंबटपणाचीच उणीव असते. हे मी बाबांसाठी शिकले आणि आता सगळ्यांनाच तसं आवडतं.

एक गोष्ट सांगायची राहतेय, ती मनात बरीच वर्षं आहे. माझा भाऊ हाच सॉस, याच पद्धतीने करतो. तो जेवायला बोलावतो तेव्हा सगळे म्हणतात, किती छान, नोकरी सांभाळून स्वयंपाक करतो. त्याला ‘बाटलीतला का?’ असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. हा प्रश्न मला येतो. आईला आला असता. आमच्या आईने उभ्या आयुष्यात एकही बरणी विकत घेतली नाही आणि ती क्वचितच आमच्याबरोबर बसून गरम जेवली. मला तिच्या हातची चव फार आठवते. त्याहून जास्त आठवते ती जेवताना मधूनच उठून जाणारी तिची पाठ. मला माझ्या मुलीसमोर बसायचंय. त्यासाठी पाऊण तासाचं काम बाटलीने केलं तर मला ते हवंच आहे.

उरलेल्या सॉसचं काय, हेही बरेचजण विचारतात. बरणी घेतानाच झाकणाचा मधला भाग खाली दबलेला आहे ना ते बघा. वर फुगलेला असेल तर घेऊ नका, घरात सापडली तर चाखूही नका. उघडल्यावर फ्रिजमध्ये, कायम कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढायचा, आणि लेबलवर दिलेल्या दिवसांत संपवायचा. टोमॅटोचा सॉस मी चार दिवसांच्या वर ठेवत नाही. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढाच काढून चालत नाही, सगळी बरणी जाते, कारण पातळ पदार्थात ती दिसते त्याच्या बरीच खाली पसरलेली असते. संपणार नसेल तर मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एक घन म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. गोठले की पिशवीत, वर तारीख.

आणि शेवटी बरणीच्या कडांना जे लागून राहतं, त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून, झाकण लावून खळखळून हलवते आणि तेच पॅनमध्ये ओतते. ते काम आता मुलगी करते. काल तिने बरणी हलवता हलवता विचारलं, “आई, आज मशरूम मी उलटू?” मी म्हटलं, आवाज ऐक, पुन्हा चुरचुरायला लागले की उलट. ती पॅनपाशी कान देऊन उभी राहिली.